मागेल त्याला सोर्स

अण्णांनी आधी पंखा बंद केला, मग केबिनचं दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, "आता हळू आवाजात परत वाच."

मी परत वाचलं. मेल इंग्रजीत होता, त्यामुळे प्रत्येक ओळीचं मनात मराठी करून मगच ती तोंडातून काढावी लागत होती. "तुमच्या कंपनीचं घंटेचं मशीन आमच्या शाळेत बसवलेलं आहे. त्याबाबत मागणाऱ्याला तुमचा सोर्स उघड करून द्यायला तुम्ही बांधील आहात. पूर्ण आणि संबंधित सोर्स."

"पूर्ण आणि संबंधित?"

"असंच लिहिलंय."

"पुढं."

"ही जनरल पब्लिक लायसन्सची अट आहे. ती पाळली नाही तर तुमचं लायसन्स आपोआप रद्द होतं. कळावे, एफ. मुजावर."

अण्णा खाली बसले. पंखा बंद असल्यामुळे त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण तो पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "कुणीतरी बोललं," ते म्हणाले. "आपल्यातलंच कुणीतरी बोललं, शुभदा."

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकती बी.कॉम. होऊन कुपवाडच्या एमआयडीसीत 'नादमधुर इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये नोकरीला लागले होते. शांतिनाथ मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, शाळांसाठी आपोआप वाजणाऱ्या घंटा बनवत. डबा भिंतीला लावायचा, त्यात वेळापत्रक भरायचं, तास संपला की घंटा वाजणार. शिपायानं टोल द्यायला उठायला नको. फोन घेणं, बिलं करणं आणि आलेलं इंग्रजी समजावून सांगणं, एवढी माझी कामं. बी.कॉम.ला माझं इंग्रजी बरं मानलं जायचं. अण्णांचा त्यावर फारच विश्वास होता.

त्या वर्षी एका मोठ्या शिक्षणसंस्थेच्या झाडून सगळ्या शाळांना घंटा पुरवायचं काम आम्हाला मिळालं होतं. ते कसं मिळालं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. अण्णांच्या मुलीचे, पद्मजाचे, सासरे आदगोंडा खोत हे संस्थेच्या अध्यक्षांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते एकदा अध्यक्षांकडे जेवायला गेले आणि हात वाळायच्या आत काम झालं. आमच्याकडे याला सोर्स लावणं म्हणतात. नोकरी, बदली, ॲडमिशन, काहीही असो, पहिला प्रश्न एकच असतो, 'सोर्स हाय का कुणाचा?' आणि असलाच, तर त्याचं नाव कुणी जाहीर करत नाही. देवघरातल्या चांदीसारखा तो झाकून ठेवायचा असतो.

आता कुणी एफ. मुजावर तो उघड करा म्हणत होता.

"काम जाईल ते जाऊ दे," अण्णा म्हणाले. "पण व्याह्यांचं नाव चव्हाट्यावर आलं तर माझ्या पोरीनं त्या घरात कुठल्या तोंडानं राहायचं? वर्ष झालं नाही लग्नाला."

मला वाईट वाटलं. मी मेल पुन्हा पाहिला, तर एके ठिकाणी नुसतं 'सोर्स' नव्हतं. "अण्णा, इथं सोर्स कोड म्हटलंय."

अण्णांचा चेहरा आणखी उतरला. फोनवर बोलताना आम्ही खोतांचं नाव घेत नसू. 'देवस्थानला विचारून सांगतो', 'देवस्थान सध्या गावाला गेलंय', असं बोलत असू. हे अण्णांनीच ठरवलं होतं. "म्हणजे कोडसुद्धा पायजे त्यांना," ते म्हणाले. "फोन ऐकतायत आपले."

"हा कॉम्प्युटरमधला काही शब्द असेल का? ओंकारला विचारू?"

"त्याचं नाव काढायचं नाही या कारखान्यात."

ओंकार शेंडगेनं मशीनचा प्रोग्राम लिहिला होता आणि मग पुण्याची नोकरी मिळाल्यावर चार दिवसांत निघून गेला होता. अण्णा त्याला पोटच्या पोरासारखं वागवत, म्हणून राग जास्त.

दुसऱ्या दिवशी आम्ही लायसन्सची फाईल उपसली. कारखान्याचं होतं, दुकान खात्याचं होतं, वजनमापाचंसुद्धा होतं, जरी आम्ही काहीच वजन करून विकत नव्हतो. जनरल पब्लिक लायसन्स कुठेच नव्हतं. "आपण काढलंच नाही," अण्णा म्हणाले, "आणि ते रद्द करायला निघालेत." लायसन्सची कामं करणाऱ्या आमच्या एजंटला बोलावलं. त्यानं नाव ऐकून मान हलवली, जणू हेच ऐकायला तो आला होता.

"जनरल पब्लिक ना? काढून देतो की. आता कडक केलंय त्यांनी जरा. दोन फोटो, लाईट बिल आणि सात-बारा."

"कारखान्याला सात-बारा कशाला?"

"असू द्या. मागितला तर पळापळ नको."

अण्णा लगेच फोटो काढून आले. फोटोत ते इतके घाबरलेले दिसत होते, की एजंटनं दुसरे काढायला सांगितले.

संध्याकाळी खोत आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि खोलीत शिरले की खोली लहान वाटावी असा देह. अण्णांनी सगळं सांगितलं आणि शेवटी हात जोडले. "पाव्हणं, माझ्यामुळं तुमच्यावर बालंट आलं."

खोतांनी मेलचा छापलेला कागद हातात घेतला, उलटा धरून पाहिला आणि परत दिला. "कोण म्हणायचा हा मुजावर?"

"संस्थेच्या एका शाळेवर आहे. जत रस्त्याला."

"मेलाला मेल घालू नका. लेखी गेलं की अडकलं. जायचं आणि समोरासमोर बोलायचं. मी येतो. बघू तरी, कोण माझं नाव विचारतोय."

"तुम्ही कशाला? लपवायचं ते तुम्हालाच, आणि तुम्हालाच घेऊन जायचं?"

"मगदूम, मी काय चोरी केली? शब्द टाकला. शब्द टाकायला जीभ लागते, ती देवानं दिली." ते हसले, पण टोपी काढून त्यांनी ती उगाच झटकली आणि परत घातली. मला ते दिसलं. अण्णांना दिसलं की नाही, माहीत नाही.

'आम्ही येऊन सोर्सबाबत खुलासा करतो' असं मी उत्तर पाठवलं. लगेच मेल आला. 'फार आनंद झाला. मुलंही वाट पाहतील. सर्वांसमोरच द्या.'

"सर्वांसमोर," अण्णा म्हणाले. "जनसुनावणी ठेवली म्हणायची."

आम्ही गाडीनं निघालो. पुढे अण्णा, मागे खोत आणि त्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत मी. अण्णांनी एका ठिकाणी गाडी थांबवून रसवंतीवर रस पाजला. "पी बाई," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझी नोकरी राहील न राहील." मी रस पिताना घरचा विचार करत होते. बाबा रिटायर झालेले, भावाचं शिक्षण व्हायचं. त्या मुजावराचा मला मनापासून राग आला होता.

शाळा गावाबाहेर होती. फाटकावर मोठी पाटी: 'निवासी कर्णबधिर विद्यालय'. मी ती दोनदा वाचली. अण्णांचं लक्ष मशीनवर होतं. व्हरांड्यात आमचाच निळा डबा होता आणि त्याच्या वर, शाळेपेक्षा गिरणीला शोभेल असा भला मोठा भोंगा.

"अण्णा," मी म्हणाले, "पाटी वाचलीत का? इथली मुलं..."

तेवढ्यात भोंगा वाजला. तो इतका मोठ्यानं वाजला, की खोतांनी दोन्ही हातांनी टोपी धरली. झाडावरचे कावळे उडाले, ऑफिसातला कारकून कानात बोटं घालून उभा राहिला, रस्त्यावरच्या बैलानं उडी मारली. समोर वर्गाची खिडकी होती. आत तीसेक मुलं गणितं सोडवत होती. एकानंही मान वर केली नाही.

भोंगा थांबल्यावर एक बाई कानातले कापसाचे बोळे काढत आमच्याकडे आल्या. तिशीच्या, डोक्यावरून ओढणी, कानामागे पेन. "या, या. मी फरीदा मुजावर. विज्ञान आणि कॉम्प्युटर शिकवते. बरं झालं आलात. मुलं हॉलमध्ये जमतायत."

अण्णा आणि खोत एकमेकांकडे बघायला लागले. अधिकारी बाई निघाली, आणि तीही हसून बोलणारी. म्हणजे प्रकरण जास्तच गंभीर, असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र तेव्हा काहीतरी कळायला लागलं होतं. मी बाईंना बाजूला घेऊन विचारणार, तर त्या पुढे निघूनही गेल्या. एकेका वर्गापाशी जाऊन त्या दिव्याचं बटण खालीवर करत होत्या. दिवा मिचकावला की मुलं उठून बाहेर येत होती.

हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. आम्हाला खुर्च्या, गुलाबाची फुलं, पाणी. दोनशे डोळे आमच्यावर. कुजबुज नाही, चुळबुळ नाही. अशी सभा अण्णांनी जन्मात पाहिली नव्हती.

"तुम्ही बोला," मुजावर मॅडम म्हणाल्या, "मी मुलांना हातांनी सांगते."

मी अण्णांची बाही ओढली. "अण्णा, थांबा, मला वाटतं यांना दुसरंच काही..."

"बस तू," अण्णा म्हणाले. "आता माघार नाही." आणि ते उभे राहिले.

"मी शांतिनाथ मगदूम. मला सोर्स उघड करायला बोलावलंय, म्हणून करतो." मॅडमचे हात भराभर चालू लागले. "हे काम मला मशीनच्या गुणावर मिळालेलं नाही. मशीन बरं हाय, पण तेवढ्यानं काम मिळत नसतं. हे बसलेत ना, आदगोंडा खोत, माझे व्याही, हे माझा सोर्स. पूर्ण आणि संबंधित. यांनी शब्द टाकला म्हणून झालं."

मॅडमचे हात हवेत थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? पुढच्या रांगेतल्या मुलीनं त्यांच्या ओढणीला हिसका दिला, 'पुढे काय' असा. मग मॅडमनी एक श्वास घेतला आणि तेही सांगितलं. वशिल्याची खूण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती न शिकवताही कळते.

"आणि फोनवर आम्ही यांना देवस्थान म्हणतो. ते कोड." अण्णांनी खोतांकडे हात केला. "यांचा यात काही स्वार्थ नव्हता. सुनेच्या बापाचा कारखाना चालावा, एवढंच. चूक माझी. शिक्षा करायची तर मला करा. पण लायसन्स काढू नका. माझ्याकडं माणसं कामाला हाईत. ही पोरगी हाय, तिच्या घरात मिळवतं दुसरं कोण नाही."

मला रडू आलं, ते मी तिथेच रडून घेतलं. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी त्यांच्याकडून चहा थंड झाल्याबद्दलसुद्धा बोलणी खाल्ली होती, आणि हा माणूस दोनशे डोळ्यांसमोर माझ्या घराचा विचार करत होता.

अण्णा बसले. मॅडमचे हात खाली आले. मग सगळ्या मुलांनी एकदम दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि पंजे गरागरा हलवायला सुरुवात केली.

"मारणार आता," अण्णा पुटपुटले.

"टाळ्या वाजवतायत ती," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या टाळ्या अशाच असतात."

मी घाबरत घाबरत खोतांकडे पाहिलं. आता हा माणूस उठून जाणार, घरी जाऊन सुनेला माहेरी धाडणार, असं वाटलं. खोत उठले. त्यांनी हात जोडून डावीकडे नमस्कार केला, मग उजवीकडे. त्यांचे डोळे भरले होते.

"मगदूम," ते म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांची कामं करतोय. पोरं चिकटवली, बदल्या केल्या. सगळी रात्रीची येतात आणि दिवसा ओळख दाखवत नाहीत. चार माणसांत माझं नाव पहिल्यांदा घेतलंसा तुम्ही." आणि त्यांनी भर हॉलमध्ये अण्णांना मिठी मारली. मुलांनी परत हात हलवले.

हे सगळं झाल्यावर मुजावर मॅडमनी चहा मागवला आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, की त्यांना हे काहीच नको होतं.

"मला मशीनमधला प्रोग्राम हवा होता. लिहिलेला, वाचता येईल असा. त्याला सोर्स म्हणतात. तो मिळाला तर मी थोडा बदल करीन, म्हणजे तास संपला की घंटेऐवजी प्रत्येक वर्गात दिवा लागेल. सध्या मीच बटणं दाबत फिरते."

"एवढंच?" अण्णा म्हणाले. "मग फोन करायचा की."

"केला होता. तुम्हीच उचलला. मी म्हटलं, मुलांना घंटा ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, काळजी करू नका, उद्याच माणूस पाठवतो."

"मग? पाठवला नाही?"

"पाठवला. तो हा भोंगा बसवून गेला."

खोतांना हसू आवरेना, म्हणून ते चहाचा कप घेऊन बाहेर गेले.

शेवटी अण्णांनीच ओंकारचं नाव काढलं. मी व्हरांड्यात जाऊन पुण्याला फोन लावला आणि सोर्स कुठे आहे ते विचारलं. तो म्हणाला, "घंटा."

"नीट बोल, ओंकार. अण्णा शेजारी आहेत."

"नीटच बोलतोय. फोल्डरचं नाव 'घंटा' आहे. तुझ्याच कॉम्प्युटरवर. जाताना सगळं ठेवून आलोय." मग अण्णांनी फोन घेतला आणि त्यानं त्यांना समजावून सांगितलं. मशीनच्या आतला मूळ प्रोग्राम जगभरच्या लोकांनी मिळून लिहून ठेवलाय. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. अट एकच: बनवलेली वस्तू ज्याला दिली त्यानं मागितलं, तर आतलं लिहिलेलंही त्याला द्यायचं. आपण आपली वेळापत्रकं त्यातच मिसळलीत, म्हणून तीसुद्धा.

"म्हणजे घेतलं तसं द्यायचं," अण्णा म्हणाले.

"हो."

"वशिला नाही, अर्ज नाही?"

"नाही. नुसतं मागायचं."

"आणि तू जेवतोस का वेळेवर तिकडं?" अण्णांनी विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही, पण अण्णा पाठ फिरवून बराच वेळ खांबाकडे बघत उभे राहिले.

मी दुसऱ्याच दिवशी फोल्डर पाठवून दिला. मॅडमनी शाळेला सुट्टी लागायच्या आत वर्गावर्गात दिवे लावले. भोंगा गावच्या तालमीनं मागून नेला. पुढे अण्णांनी मॅडमचाच बदल घेऊन दिव्याची मशीनं करायला घेतली, आणि त्या मशीनचाही प्रोग्राम मागेल त्याला द्यायचा ठरवला. तशी लेखी हमी प्रत्येक डब्यावर असली पाहिजे, असं ओंकारचं म्हणणं पडलं. मराठी मजकूर मी लिहिला. 'या मशीनचा सोर्स मागणाऱ्या कोणालाही दिला जाईल. संपर्क: नादमधुर इलेक्ट्रॉनिक्स, कुपवाड.' अण्णांनी अभिमानानं मोठ्या अक्षरांत स्टिकर छापून घेतले.

मग लोक यायला लागले. पहिला आला तो पोराला पोलिसात भरती करायचं म्हणून. डब्यावर लिहिलंय, सोर्स द्या. त्याच्यामागून बदलीवाले, घरकुलवाले, एक तर मुलीला स्थळ बघून द्या म्हणून. अण्णा प्रत्येकाला बसवून प्रोग्राम म्हणजे काय ते समजावत. लोक सगळं ऐकून घेत आणि शेवटी आवाज खाली आणून विचारत, "ते झालं हो. पण कुणाचा हाय?"

एका सकाळी असाच एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडी, बोटाला धरलेली सहासात वर्षांची नात. "पोरीला ऐकाय येत न्हाई. जत रस्त्याला साळा हाय म्हणं. तिथं तुमचा सोर्स हाय असं डब्यावर वाचून सांगितलं एकानं."

अण्णा खुर्ची सरकवून पुढे झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरोबर जागी जाणारा माणूस आला होता. "बाबा, तिथं काही लागत नाही. पोरीला घेऊन जायचं, मुजावर मॅडमना भेटायचं. घेतात त्या."

"व्हय. पर सोर्स?"

"सोर्स लागत नाही. नुसतं जायचं."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "गरिबाला असंच सांगत्यात, अण्णा. तालुक्याला बी असंच सांगितलं, नुसतं जा. गेलो, तर बसवून ठिवलं आणि परत धाडलं." तो पोरीचा हात धरून उठला. "न्हाई तर न्हाई. तुमची काय चूक न्हाई."

तो आता घरी जाणार होता, शाळेत नाही. हे मला दिसत होतं आणि अण्णांनाही. अण्णांनी त्याला थांबवलं, टेबलावरचा फोन ओढून कानाला लावला आणि नंबर फिरवला. "हॅलो, मुजावर मॅडम? मगदूम बोलतोय. आपला माणूस पाठवतोय. हो, घरचाच. तेवढं बघा. व्हय, व्हय, उपकार झाले." रिसीव्हर ठेवून ते म्हाताऱ्याला म्हणाले, "झालं काम. सोमवारी जावा."

म्हाताऱ्यानं त्यांच्या पायाला हात लावला. नातही वाकली. ऑफिसचा फोन चार दिवसांपासून बंद होता. तक्रार मीच केली होती.

पोरगी शाळेत बसली. पुढच्या आठवड्यात म्हातारा बेदाण्याचा डबा घेऊन आला. अण्णा म्हणाले, "नको बाबा, मी काहीच केलं नाही."

म्हाताऱ्यानं डब्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "कमी पडला का?" त्यानं विचारलं.

अण्णांनी डबा घेतला.